मोजणीसाठी अडवलेलं दार

मित्रांनो, मी एक जुना मोजणीदार आहे. मी माणूस नव्हे आणि यंत्रही नव्हे. एका वेबसाइटच्या पानामागे लपवलेला काही ओळींचा कोड, एवढीच माझी ओळख. तुम्ही पान उघडता तेव्हा तुम्हाला चित्रं दिसतात, मजकूर दिसतो. मी दिसत नाही. मला मात्र तुम्ही दिसता. कसल्या फोनवरून आलात, पान कुठपर्यंत खाली सरकवलंत, बोट कुठे थबकलं, कधी निघून गेलात, हे सगळं मी टिपतो आणि दूरच्या सर्व्हरला कळवतो. त्यासाठी तुमची परवानगी कुणी घेतली होती का? नाही. माझीही कुणी घेतली नव्हती.

माझा जन्म काही थाटामाटात झाला नाही. एका माणसाने मला कुठल्याशा दुसऱ्या वेबसाइटवरून उचललं, नावगाव बदललं आणि आमच्या पानाच्या डोक्यावर चिकटवलं. झालं बारसं! या माणसाला सगळे ‘भिंग’ म्हणत. पडद्याला नाक लागेल इतक्या जवळून तो बघायचा, म्हणून हे नाव. जिथे तो बसायचा ते ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालून रबराचा वास यायचा. जिन्याशी पाटी होती, ‘शिलाई क्लास’. खिडकीपाशी खरोखरच एक शिवणयंत्र होतं आणि त्याच्या सुईखाली एक अर्धवट बाही कायमची अडकवून ठेवलेली होती. ती बाही कधीच पूर्ण होणार नव्हती. कारण तिथे शिलाई क्लास नव्हता. घरात मार खाणाऱ्या बायकांना तिथून बाहेर काढणारी ती संस्था होती.

पान उघडं असलं की त्या खोलीतलं सगळं मला ऐकू यायचं, दिसायचंही. कसं, ते विचारू नका. गोष्ट सांगणाऱ्याला एवढी सूट असते.

ऑफिसातला फोन मावशी घ्यायची. मावशी सगळ्यांचीच मावशी. तिला डाव्या कानाने ऐकू येत नसे, म्हणून फोन कायम स्पीकरवर. तो कान कसा गेला, हे तिला कुणी विचारत नसे. पलीकडून पुरुषाचा आवाज आला की ती गोड आवाजात म्हणायची, “शिलाई क्लास. बोला.” बाईचा आवाज आला की आधी थोडं थांबायची आणि मग म्हणायची, “बोल गं. घाई नाही.”

आमच्या वेबसाइटवर एक पान होतं, ‘निघताना सोबत काय घ्यावं’. कागदपत्रं, औषधं, मुलांचे कपडे, किल्लीची जोडी. त्या पानाच्या कोपऱ्यात एक लाल बटण होतं. मावशीनेच हट्टाने बसवून घेतलेलं. कुणी खोलीत आलं की बाईने ते दाबायचं. पान झटक्यात नाहीसं व्हायचं आणि त्या जागी हवामानाचा अंदाज उघडायचा. बघणाऱ्याला वाटावं, ही उद्याचं ऊन बघत बसली आहे.

इतकं साधं दार होतं ते. बाहेर पडायचं, बस. पण मित्रांनो, मोजायची चटक लागलेल्या माणसाला दारसुद्धा नुसतं दार म्हणून बघवत नाही.

संस्थेला एक अध्यक्ष होते. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, मनाने वाईट नाहीत. पण त्यांना रंगीत वर्तुळाचे तुकडे फार आवडत. अमुक टक्के निळा, तमुक टक्के हिरवा. माझ्या टिपणांतून ते तुकडे तयार होत. एका बैठकीत त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

“लाल बटणासमोर शून्य? इतक्या महिन्यांत शून्य?”

“दाबत असतील की साहेब,” मावशी म्हणाली.

“असतील म्हणजे? आकडा कुठे आहे? कुणी वापरतच नसेल तर पानाच्या तोंडावर ती लाल फोड कशाला? चांगली दिसत नाही. काढून टाका.”

“आग लागली नाही म्हणून जिना पाडता का तुम्ही?”

“मावशी, कमिटी भावनेवर चालत नाही. पुढच्या बैठकीला आकडा आणा, नाहीतर बटण जाईल.”

बैठक संपली. मावशीने भिंगाच्या खुर्चीला धक्का दिला. “ऐकलंस ना? माझं बटण गेलं तर तुझं डोकं फोडीन.”

भिंगाने आमचं पान उघडलं आणि त्यामागची तपासणीची खिडकी उघडली. ती खिडकी प्रत्येक ब्राउझरमध्ये असते. पानावर माउसचं उजवं बटण दाबून ‘इन्स्पेक्ट’ म्हटलं की पानाची आतडी बाहेर येतात. कोण कुणाला काय निरोप पाठवतंय, कोणता पोहोचला, कोणता रस्त्यात मेला, सगळं ओळीने दिसतं. मला तिथे उघड्यावर आणल्यासारखं व्हायचं. दवाखान्यात सदरा वर करायला सांगतात ना, तसं.

त्याने लाल बटण दाबलं. हवामान उघडलं, आणि पान बदलताच खिडकीतली सगळी यादीही पुसली गेली. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा कोरी पाटी. “च्यायला, पुरावाच खाऊन टाकतंय हे,” तो पुटपुटला. मग त्याला खिडकीतला तो लहानसा चौकोन दिसला, पान बदललं तरी यादी जपून ठेवण्याचा. त्याने तिथे खूण केली, बटण दाबलं, आणि यादीत एक लाल ओळ उमटली. माझीच ओळ. तिच्यासमोर लिहिलं होतं, ‘कॅन्सल्ड’.

“सापडला!” भिंग ओरडला. “मावशी, इकडे ये. बायका बटण दाबतात, रोज दाबत असतील! हा मोजणीवाला सर्व्हरला सांगायला तोंड उघडतो, तेवढ्यात पान निघून जातं. याचा शब्द तोंडातच राहतो. म्हणून शून्य.”

“मग राहू दे की तोंडात. पानाने निघूनच जायला पाहिजे.”

“अगं, पण आकडा दिसला नाही तर ते बटणच काढतील.”

मावशीने खुर्ची ओढून घेतली. “मग काय करणार तू?”

“पानाला सांगतो, याचं बोलणं होऊन सर्व्हरचं उत्तर आलं की मगच जा. पापणी लवते ना, तेवढाही वेळ जाणार नाही.”

“नक्की?”

त्याने दोन ओळी लिहिल्या आणि बटण दाबलं. हवामान उघडलं. “बघ. कळलं तरी का?”

नाही कळलं. मावशीलाही नाही कळलं. त्या ऑफिसात भिंतीतून जाड वायर आली होती आणि निरोप तिच्यातून बंदुकीच्या गोळीसारखा जात होता. भिंगाने उत्तराची वाट बघायला सांगितलं. पण किती वेळ बघायची, ते सांगितलं नाही. उत्तर आलंच नाही तर काय, हेही नाही. खरं सांगायचं तर त्याला ते सुचलंच नाही. त्याच्या टेबलावर उत्तर नेहमीच येत असे.

त्या दिवसापासून मी त्या दारात उभा राहिलो. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईला मी हात आडवा करून म्हणत होतो, थांब, तुझी नोंद करतो, मग जा.

आणि कौतुक काय झालं माझं! पुढच्या बैठकीत वर्तुळात लाल तुकडा उमटला, चांगला जाडजूड. अध्यक्षांनी भिंगाच्या पाठीवर थाप मारली. “वा! एवढ्या बायका घाबरतात म्हणजे आपलं काम केवढं मोठं आहे!” मावशीने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी चष्मा पुसायला काढला. पण बटण वाचलं होतं. भिंगाने सगळ्यांसमोर तिला टाळी मागितली आणि तिने दिली. मलाही अभिमान वाटला. कोडाला अभिमान कसला, असं म्हणाल. जो तो आपल्या मोजमापाने फुगतो, मित्रांनो. मी तर मोजमापाचाच बनलो आहे.

त्या पानावर एक बाई रोज दुपारी यायची. तिचं नाव मला ठाऊक नाही, नावं मला दिसत नाहीत. मी तिला मनातल्या मनात ‘दुपारची’ म्हणायचो. फोन जुना, काच तडकलेली असावी, कारण पडद्याच्या एका कोपऱ्यात ती कधीच बोट लावत नसे. रेंज जेमतेम. पान ती हळूहळू सरकवायची. एक दिवस कागदपत्रांपर्यंत आली. दुसऱ्या दिवशी औषधांपर्यंत. जणू दर दिवशी पिशवीत एकच वस्तू भरत होती. मुलांच्या कपड्यांपाशी तिचा अंगठा बराच वेळ थांबला होता. मग लाल बटण. मी हात आडवा करायचो, निरोप रखडत रखडत जायचा, उत्तर रखडत रखडत यायचं, आणि ती सुटायची. रोज थोडं जास्त अडत होतं. मला ते दिसत होतं. पण मी मोजणीदार. मला मोजता येतं, ओरडता येत नाही.

मग ती दुपार आली.

ती किल्लीच्या जोडीपर्यंत पोहोचली होती. पिशवीतली शेवटची वस्तू. अचानक तिने बटण दाबलं. मी निरोप पाठवला. रेंज गेली. निरोप मध्येच लटकत राहिला. मी उत्तराची वाट पाहू लागलो, कारण मला तसंच सांगितलेलं होतं.

तिने पुन्हा दाबलं. पुन्हा. पुन्हा. बोट जोरात दाबलं म्हणजे पान लवकर जाईल, असं वाटत असेल तिला. आम्हाला जोर कळत नाही. पान जागेवरून हललं नाही.

मग बोटं थांबली. फोन हलला, आडवा झाला, उभा झाला. आणि पान सरकायला लागलं. वरपासून खालपर्यंत, मोठमोठ्या फटकाऱ्यांनी. कागदपत्रं, औषधं, मुलांचे कपडे, किल्ली. तडकलेल्या कोपऱ्याचीही त्या बोटाला पर्वा नव्हती. त्या दिवशी तिच्या फोनवर ते पान पहिल्यांदा तळापर्यंत वाचलं गेलं. पण अंगठा तिचा नव्हता.

पानाच्या तळाशी आमचा फोन नंबर होता.

कितीतरी वेळाने रेंज आली. माझा निरोप पोहोचला, उत्तर आलं, आणि मी अदबीने बाजूला झालो. हवामान उघडलं. उद्या स्वच्छ ऊन.

ऑफिसातला फोन वाजला. मावशीने उचलला. पुरुषाचा आवाज, अगदी शांत.

“कोण बोलतंय?”

“शिलाई क्लास. बोला साहेब. शिकायचंय का घरात कुणाला?”

“हो ना. बायकोला फार हौस आहे. इथे लिहिलंय, येताना काय काय आणायचं.” तो सावकाश वाचल्यासारखा बोलू लागला. “कागदपत्रं. औषधं. पोरांचे कपडे.” मग जरा थांबला. “शिलाईला औषधं लागतात?”

भिंगाचे हात कीबोर्डवरच थिजले. मावशीचा आवाज मात्र हलला नाही. “साहेब, सुया टोचतात पोरींना. म्हणून पट्टी आणि मलम आणायला सांगतो.”

“असं होय.” तो हसला. “बरं झालं सांगितलंत. आता मी बघतो तिला काय काय टोचतंय ते.”

फोन बंद झाला.

मावशी वळली. “भिंगा, पान उघडं राहिलं. तिने बटण दाबलं असणार. दाबल्याशिवाय राहणार नाही कुणी. मग उघडं कसं राहिलं?”

“शक्यच नाही. मी स्वतः तपासलंय.” त्याने घाईघाईने बटण दाबलं. हवामान उघडलं. “हे बघ! चालतंय!”

“तुझ्या इथे चालतंय रे! तिच्या इथे काय आहे? तुझी ती जाड वायर आहे का तिच्याकडे?”

भिंग पडद्याकडे वळला. तपासणीच्या खिडकीत एक सोय असते. आपली लाइन मुद्दाम मंद करता येते, रेंज नसलेल्या फोनसारखी. ती सोय पहिल्या दिवसापासून त्याच्या नाकासमोर होती. त्याने ती आता लावली आणि बटण दाबलं. माझी ओळ यादीत उमटली. या वेळी लाल नाही, राखाडी. समोर ‘पेंडिंग’, म्हणजे उत्तर अजून यायचंय. वर पान तसंच उघडं. कागदपत्रं, औषधं, मुलांचे कपडे. तो बघत राहिला. मावशी बघत राहिली. खाली टायरवाला हातोडा मारत होता. पान उघडंच होतं.

“बंद कर ते,” मावशी म्हणाली.

“मावशी, मी...”

“रडायचं नंतर. आधी ते बंद कर.”

त्याने त्या दोन ओळी पुसल्या. मग माझ्याकडे पाहिलं, नाक पडद्याला लावून, आणि त्या पानावरून मलाही पुसून टाकलं. बाकीच्या पानांवर मी राहिलो. त्या एका पानापुरता मात्र मी आंधळा झालो. खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मला बरं वाटलं.

त्या नंबरवर उलटा फोन करायचा नाही, हा संस्थेचा नियम. कारण फोन कुणाच्या हातात असेल, ते सांगता येत नाही. मावशी फोनपाशी बसून राहिली. भिंगही बसून राहिला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुमाराला फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

“शिलाई क्लास का?” बाईचा आवाज, दबका. “शेजारणीच्या फोनवरून बोलते, नंबर तुमच्या पानावरून घेतला. काल आमच्याकडून फोन आला होता. स्पीकरवर होता. मी ऐकलं तुम्ही काय म्हणालात ते. मला... माप द्यायला यायचंय. आजच.”

“ये गं, पत्ता सांगते. जशी आहेस तशी ये. पिशवी नको.”

“पिशवी राहिलीय कुठे आता.”

ती आली. कडेवर लहान मुलगी. उजवा हात ओढणीत गुंडाळलेला, अंगठा तेवढा बाहेर, काळानिळा सुजलेला. मावशीने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, डॉक्टरीणबाईंना फोन लावला. ती पाणी प्यायली आणि भिंगाच्या पडद्याकडे बघत म्हणाली, “हेच ना ते पान?”

मावशीने मान हलवली.

“मी बटण दाबलं होतं हो,” ती म्हणाली, एखाद्या गुन्ह्याचा खुलासा द्यावा तशी. “नीट दाबलं होतं. माझंच बोट चुकलं असेल. हात थरथरत होता ना.”

भिंग उभा राहिला. “ताई, तुमचं बोट नाही चुकलं. बटण मी अडवून ठेवलं होतं.”

“का?”

“मोजायला.”

“काय मोजायला?”

त्याला सांगावंच लागलं. “किती बायका घाबरून बाहेर पडतात ते.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. “मग?” ती म्हणाली. “पुरेशा भरलो का आम्ही?”

मित्रांनो, ही गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला सांगितलीच नसती. ती वाचली, म्हणून लाल बटणही सुखरूप असेल, असं तुम्हाला वाटत असेल.

पुढच्या बैठकीत त्या दुपारनंतरच्या दिवसांसमोर पुन्हा शून्य आलं. अध्यक्षांच्या कपाळावर आठ्या. भिंगाने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं. “वाईट झालं. फार वाईट. पण एकीची रेंज गेली, म्हणून आपण सगळी मोजणी बंद करायची? आणि मध्यंतरी एके दिवशी त्या पानावर वाचनाचा वेळ केवढा वाढला होता, पाहिलंत? एवढं लक्ष देऊन कुणीतरी वाचतंय!”

“कोण वाचत होता ते माहीत आहे का तुम्हाला?” मावशी टेबलावर हात आपटून ओरडली. पाण्याचा पेला कलंडला. अध्यक्षांनी रुमालाने कागद पुसले, आधी रंगीत वर्तुळ, मग बाकीचे. भिंगाला त्यांनी हात जोडून निरोप दिला. तुमची तब्येत बरी दिसत नाही, म्हणाले, थोडी विश्रांती घ्या.

आता त्या खुर्चीत नवा वेबवाला बसला आहे. चकचकीत बूट, कानात काहीतरी खोचलेलं. हुशार आहे. त्याने तपासणीची खिडकी उघडली आहे. “इथे तर मोजणीच लावलेली नाही,” तो हसतोय. “कुणी केलंय हे? सोपं आहे, दोन ओळींचं काम.” मावशी त्याच्या डोक्यावर उभी राहून भांडते आहे, आणि तो म्हणतोय, “मावशी, तुम्ही नका टेन्शन घेऊ.”

त्याने मला पुन्हा त्या पानावर चिकटवलं, उत्तराची वाट बघायला लावणाऱ्या त्याच दोन ओळींसकट. बटण दाबलं. जाड वायरीतून निरोप गेला, हवामान उघडलं.

“बघा,” तो म्हणाला. “कळलं तरी का?”

जुने बाक, जुन्या छत्र्या, जुनी घड्याळं आपली कहाणी सांगतात आणि शेवटी म्हणतात, मुलांनो, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला जपू नका. तुमच्यातल्या कुणाला ती खिडकी उघडता येत असेल, आज ना उद्या येईलच, तर आधी आपली लाइन मंद करा, एखाद्या जुन्या तडकलेल्या फोनइतकी मंद, आणि मग बटण दाबून बघा. कुठे दारात मी आडवा उभा दिसलो, तर माझ्या ओळीवर या आणि मला पुसून टाका. हळहळ करू नका. सगळंच मोजायचं नसतं.

जरा लवकर करा. दुपार झाली आहे. पानावर कुणीतरी आलं आहे. फोन जुना आहे, रेंज एका काडीची, आणि अंगठा फार हळू सरकतो आहे.